लवकर मान्यता द्याच, पण राहिलेला पुरावा वसूल करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवी औषधे रुग्णांच्या हाती लवकर पडावीत म्हणून मान्यतेची प्रक्रिया वेगवान करावी, ही मागणी जगभर जोर धरते आहे. मागणी रास्तच आहे. पण तिच्यावरच्या चर्चेत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपतात आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट कामाच्या वेगाची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, नव्या औषधाचा अर्ज तपासायला नेहमीचे उद्दिष्ट १० महिन्यांचे ठेवले आहे. प्राधान्य मिळाले तर ६ महिन्यांचे. २०१२ पासून तिथे गंभीर आजारांवरच्या आश्वासक औषधांसाठी ‘ब्रेकथ्रू’ दर्जा आहे, त्यात चाचण्यांची आखणी होत असतानाच कंपनी आणि तपासणारे शास्त्रज्ञ एकत्र बसतात. युरोपात २०१६ पासून ‘प्राइम’ योजना याच धर्तीवर चालते. कोविडच्या काळात युरोपीय नियामकांनी लशींची माहिती हातात येईल तशी तपासायला घेतली, पूर्ण अर्जाची वाट पाहिली नाही. यात पुराव्याला कुठेही कात्री लागत नाही. लागतात ती जास्त आणि जाणकार माणसे. असा वेग वाढवायला कोणाचीच हरकत नसावी.

दुसरी गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्यात पुरावा अपुरा असतानाच औषध बाजारात येते. रुग्ण जास्त जगला का, त्याचा त्रास कमी झाला का, हे कळायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून गाठ आकसली का, रक्तातला विषाणू कमी झाला का, अशा खुणांवर विसंबून मान्यता दिली जाते आणि खरा फायदा नंतरच्या चाचणीत सिद्ध करण्याची अट घातली जाते. अमेरिकेत हा मार्ग १९९२ मध्ये खुला झाला. तो रुग्णांनी भांडून मिळवलेला आहे. ऑक्टोबर १९८८ मध्ये एड्सच्या रुग्णांनी आणि त्यांच्या साथीदारांनी एफडीएच्या मुख्यालयाला घेराव घातला होता. मरण समोर दिसत असताना परिपूर्ण पुराव्याची वाट पाहायला सांगणे हा अन्याय आहे, हे त्यांचे म्हणणे आजही खोडून काढता येत नाही. युरोपात २००६ पासून सशर्त मान्यता आहे, ती वर्षभरच टिकते आणि दरवर्षी नव्याने मिळवावी लागते.

या मार्गाने जीव वाचले आहेत. इमॅटिनिब हे रक्ताच्या एका कर्करोगावरचे औषध २००१ मध्ये अर्ज केल्यापासून अडीच महिन्यांच्या आत मंजूर झाले आणि पुढच्या मोठ्या चाचणीत ते पूर्णपणे खरे उतरले. ज्या आजारात माणसे मोजकी वर्षे जगत, त्यात ती आता रोज गोळी घेऊन दीर्घकाळ जगतात. नेहमीच्या वाटेने गेले असते तर किती रुग्ण तोवर गेले असते, याचा विचारही करवत नाही.

आता दुसरे उदाहरण. अकाली प्रसूती टाळण्यासाठीच्या ‘मकेना’ या इंजेक्शनला २०११ मध्ये अशीच मान्यता मिळाली. अटीप्रमाणे दुसरी चाचणी झाली, पण अमेरिकेत औषध उपलब्ध असताना प्लासिबोच्या, म्हणजे औषधाऐवजी निष्क्रिय इंजेक्शन मिळणाऱ्या, गटात जायला किती गर्भवती स्त्रिया तयार होणार? चाचणीत सहभागी झालेल्या बहुतेक स्त्रिया रशिया आणि युक्रेनमधल्या होत्या. २०१९ मध्ये निकाल आला: बाळांना फायदा दिसला नाही. मग या स्त्रिया वेगळ्या, अमेरिकेतल्या वेगळ्या, असा बचाव सुरू झाला. २०२० मध्ये मान्यता काढण्याचा प्रस्ताव आला आणि प्रत्यक्षात ती निघाली एप्रिल २०२३ मध्ये. निकालानंतरची चार वर्षे गर्भवती स्त्रिया हे इंजेक्शन घेतच होत्या. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ती ही चार वर्षे. सुरुवातीचा अंदाज चुकू शकतो, विज्ञानात ते चालायचेच. पण चूक कळल्यावरही हात आखडता राहावा, याला काय म्हणावे?

लवकर मान्यता ही पुराव्याची उसनवारी आहे, आणि ती फेडून घेण्याची जबाबदारी देणाऱ्याची आहे. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीवर आहे: खरा फायदा सिद्ध करणारी ही पुष्टीची चाचणी मान्यतेच्या दिवशी सुरू झालेली असली पाहिजे, तिला तारीख असली पाहिजे आणि निकाल विरुद्ध गेला तर मान्यता झटपट मागे घेता आली पाहिजे. औषध एकदा सर्रास मिळू लागले की चाचणीला माणसे मिळत नाहीत, त्यामुळे ‘नंतर पाहू’ चा अर्थ बहुधा ‘पाहणार नाही’ असाच होतो. अमेरिकेने डिसेंबर २०२२ च्या कायद्याने, मान्यतेआधीच ही चाचणी चालू असावी अशी अट घालण्याचा अधिकार एफडीएला दिला. हे तीस वर्षे आधी व्हायला हवे होते.

अशा चाचण्या म्हणजे केवळ पहारा, असेही कोणी समजू नये. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या गेफिटिनिबला २००३ मध्ये लवकर मान्यता मिळाली. पुढच्या चाचणीत एकूण रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, तेव्हा २००५ मध्ये त्याचा वापर आवळण्यात आला. दरम्यान, गाठीत विशिष्ट जनुकीय बदल असलेल्यांनाच ते चांगले लागू पडते, हे कळले आणि २०१५ मध्ये नेमक्या त्याच रुग्णांसाठी ते अमेरिकेत पुन्हा मंजूर झाले. अभ्यास थांबला असता तर सगळ्यांनाच ते मिळत राहिले असते, किंवा कोणालाच मिळाले नसते.

मान्यता मिळाली म्हणजे औषध मिळाले असे नाही, किमतीचा आणि खर्च कोण उचलणार याचा प्रश्न उरतोच; पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

आपल्याला एक विनंती. नव्या औषधाच्या मान्यतेची बातमी छापताना ती पूर्ण मान्यता आहे की सशर्त, कोणत्या खुणेवर दिली आहे आणि राहिलेली चाचणी कधी संपणार, एवढे तरी बातमीत द्यावे. आणि ती तारीख उलटली की त्याचीही बातमी करावी.

आपला,
एक नियमित वाचक