खारक जळालं तेव्हा हा फ्रिजपाशी होता

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

फोनच करणार होतो. पण तुझ्याकडे सकाळ असणार, आणि तू दुसरीकडे बघत नुसतं ‘हं, हं’ करणार. शिवाय हिला सांगून बघितलं, तर म्हणाली, "गेमच आहे ना तो?" पुढे काय बोलणार! म्हणून तुला लिहितोय. आधी बाकीचं उरकतो. बाबांची शुगर आटोक्यात आहे, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, माझी कंबर होती तशीच.

तर, ओमला होमवर्ल्ड दिला, आपला तो अवकाशातल्या लढायांचा कॉम्प्युटर गेम. २०१५ ची रिमास्टर्ड आवृत्ती, सेलमध्ये मिळाली. परीक्षा संपली होती, पोरगं दिवसभर फोनवर कुणाला तरी गोळ्या घालत होतं. म्हटलं, निदान नीट विचार करून घाल. पहिल्या दोन मिशन्सना मी मागे खुर्ची टाकून बसलो. एम दाबून जहाजं हलवायची आणि शिफ्ट दाबून वर-खाली न्यायची, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. तुला किती वेळा सांगितलं होतं ते आठव. तू कित्येक दिवस सगळी लढाई एकाच पातळीवर लढत होतास, जणू अवकाश म्हणजे कॅरम बोर्ड.

मग तिसरं मिशन आलं. रिटर्न टू खारक.

तुला सांगायला नकोच. साठ वर्षं खपून बांधलेलं मदरशिप, आपलं मुख्य जहाज, पहिली उडी मारून परत येतं, आणि खाली खारक, आपला ग्रह, पेटलेला. तो कोरस सुरू होतो. मदरशिपवरून बोलणाऱ्या करान स्जेटचा आवाज येतो, तोच तो थंड आवाज. माडीवर आपण तिघं होतो, गोट्या मधे बसलेला, आणि कोणी काही बोललं नाही. गोट्या गप्प! आयुष्यात एकदाच.

आणि माझा मुलगा उठला आणि फ्रिज उघडून श्रीखंड शोधायला लागला. खारक जळतंय आणि हा आतून ओरडतोय, "बाबा, आम्रखंड संपलं का?"

मी म्हटलं, अरे बघ ना. तो म्हणाला, "बघितलं की. ग्रह गेला. आता ते ट्रे वाचवायचेत ना?" परत येऊन बसला आणि वाचवलेही. सहाच्या सहा ट्रे, सहा लाख झोपलेली माणसं, एकालाही खरचटलं नाही. हल्ला करणारी असॉल्ट फ्रिगेट्स त्याने फोडली नाहीत, सॅल्व्हेज कॉर्व्हेट्स, ती ओढून नेणारी छोटी जहाजं, पाठवून ओढून आणली. न सांगता! त्या क्षणी मला तुझी फार आठवण आली, आणि ती चांगल्या अर्थाने नव्हती.

कारण टोइंगवाल्या, हा आपला सगळ्यात जुना वाद. नो पार्किंगमधल्या स्कूटर उचलाव्यात तशी तू शत्रूची जहाजं उचलायचास आणि वर म्हणायचास, ‘फुकटचं कोण सोडतं?’ ब्रिज ऑफ साइजच्या मिशनला शत्रूच्या त्या आयन फ्रिगेट्सचा अख्खा गोल तू एकेक करून पळवलास, आणि शेवटी तुझ्या ताफ्यात आपलं म्हणावं असं एक जहाज उरलं नव्हतं. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, ही लढाई नव्हे. तू म्हणशील, हरला कोण? बरं, ते राहू दे.

माझी चिंता श्रीखंडाची नाही. पुढचं ऐक.

रिमास्टरमध्ये तुझा ताफा जेवढा मोठा, तेवढे समोरचे जास्त येतात. ओमला हे कुठून कळलं माहीत नाही, पण कळलं. मग तो काय करतो, तर मिशन संपत आलं की उडी मारायच्या आधी स्वतःची जहाजं रिटायर करतो. भंगारात! थोडे आरयू, म्हणजे खेळातला पैसा, परत मिळतात, ताफा छोटा दिसतो, समोर माणसं कमी येतात, आणि तिकडे गेल्यावर हा नवीन जहाजं बांधतो. हिशेब चोख आहे, मला त्यात चूक काढता येत नाही. पण अरे, या खेळात सगळी गंमतच ही होती ना, की वाचलेलं जहाज पुढच्या मिशनला तुझ्याबरोबर येतं? १९९९ साली असं किती खेळांत होतं? बाकीकडे प्रत्येक नकाशावर शून्यापासून बराकी बांधत बसायचं. इथे जे गमावलं ते गेलं आणि जे टिकलं ते आपलं. मी पहिल्या मिशनमधलं एक स्काउट, टेहळणीचं छोटं जहाज, हिगारापर्यंत, म्हणजे अगदी शेवटच्या मिशनपर्यंत नेलं होतं. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तू हसायचास. तरी प्रत्येक लढाईच्या आधी मी त्याला मदरशिपमध्ये डॉक करायचो.

ओमला हे सांगितलं. तो म्हणाला, "का पण?"

सुध्या, मला उत्तर देता येईना. तेव्हापासून हेच डोक्यात आहे. अण्णांचा वाडा पुढच्या महिन्यात पाडतायत, तुला कळलंच असेल. मी ओमला म्हटलं, चल, माडी दाखवतो, आम्ही कुठे खेळायचो ते बघ. तो म्हणाला, "तुम्ही जाऊन या, फोटो पाठवा." तुसडेपणाने नाही हं, अगदी प्रेमाने. उद्धट असता तर ओरडून मोकळा झालो असतो. पोरगं चांगलं आहे. आजीच्या डोळ्यात थेंब तोच घालतो, न चुकता, फोनवर अलार्म लावून. पण याला काही जपून ठेवावंसं वाटतच नाही का? का मीच आता अण्णांसारखा झालोय? ते जुन्या ट्यूबलाइटचे चोक पण टाकू द्यायचे नाहीत.

हिचं म्हणणं, तुम्हाला खेळाचं वाईट वाटतंय की वाड्याचं, ते आधी ठरवा.

कैद्याची चौकशी होते तो भाग मात्र त्याला फार आवडला. चार हजार वर्षांपूर्वीचा करार, हायपरस्पेस, म्हणजे ती उडी, वापरायचं नाही, आणि तो मोडला म्हणून ग्रह जाळला. ओम म्हणाला, "म्हणजे यांनी टर्म्स अँड कंडिशन्स वाचल्याच नव्हत्या." मी हसलो, आणि मग त्याला खारकवरच्या गालसिएन लोकांचं सांगितलं. आपण इथले नाही, शिक्षा म्हणून या वाळवंटात आणून टाकलेत, असं तेच बोंबलत होते आणि बाकीचे किथ, म्हणजे कुळं, त्यांना धर्मवेडे म्हणत होते. ते फार चुकीचे नव्हतेच की! हे त्याने नीट ऐकून घेतलं. मॅन्युअल आहे का म्हणाला. आपल्याकडे कुठलं मॅन्युअल, अप्पा बळवंत चौकात काढलेली झेरॉक्स होती. त्यात ‘सोबान’ या किथवर तू पेनने खूण केली होतीस, कारण तुला घरच्यांशी संबंध तोडलेले सैनिक व्हायचं होतं. आणि तेव्हा सातच्या आत घरी जायचास!

आणि काल तो कादेशला पोचला, म्हणजे त्या नेब्युलातल्या (तेजोमेघातल्या) दोन मिशन्सना. पहिल्या कादेश मिशनला दमला, ते स्वॉर्मर, शत्रूची झुंडीने येणारी छोटी जहाजं, चावून चावून जीव घेतात. दुसऱ्यात ते जुनं जहाज सापडतं, खारकच्या वाळूत सापडलेल्या खार-तोबासारखंच, आणि कळतं की हे नेब्युलातले लोक आपलेच. त्याच निर्वासितांतले, वाटेत भिऊन लपलेले, आणि मग त्या लपण्याचाच धर्म केलेला. माझा हा भाग नेहमी घाईत गेला. मल्टीबीम फ्रिगेट्स समोर असताना इतिहास कोण वाचतो? (तू तर त्याही ओढून नेत होतास.) ओमने गेम पॉज केला आणि बराच वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "मग आपण यांना का मारतोय? यांना घेऊन जाता येत नाही?"

येत नाही, म्हटलं. गेममध्ये तसं बटण नाही.

"काय फालतू गेम आहे," म्हणाला आणि झोपायला गेला. आज दिवसभर त्याने तो उघडलेला नाही. त्याला खरंच लागलं की नुसता कंटाळा आला, मला कळत नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही. विचारलं तर खांदे उडवेल.

तुझी बढती झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं, अभिनंदन. वहिनींना थंडी सोसते का? पोरांना मराठी वाचता येत असेल तर पुस्तकं पाठवतो. आणि एक सांग, हा खेळ काढणारी रेलिक तुमच्या त्या व्हँकुव्हरातली, ज्यांनी होमवर्ल्ड ३ केला ते ब्लॅकबर्डवालेही तिथलेच, आणि इतक्या वर्षांत तू त्यांच्या दारावरूनसुद्धा गेला नाहीस? तिसऱ्या भागाबद्दल मला काही बोलायचं नाही. तू घेतलास का?

काम एवढंच की पुढच्या रविवारी ओमला फोन कर. मला नाही, त्याला. तो तुझं ऐकतो, कारण तू दर वर्षी येत नाहीस. खेळ पुढे खेळायला लाव. ब्रिज ऑफ साइजची युक्ती सांगू नकोस, ती त्याला तशीही सुचणारच. पण कादेशचं विचारलं, तर नीट उत्तर दे. चेष्टा करू नकोस.

वाड्यावर मी शनिवारी जातोय. तुला माडीतलं काही हवं असेल तर त्याआधी कळव.

तुझा,
बाळ्या

ता. क. ती झेरॉक्स तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस. फोटो काढून ओमला पाठव.