पेटी घेऊन इथाकाला ये

इथाका, न्यूयॉर्क
जुलैअखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

"तुझ्या त्या आडगावात येऊन करायचं काय?" हा तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. न्यू जर्सीतल्या एडिसनला तुला गरबा, मराठी नाटक, भाकरीचं पीठ सगळं हाकेच्या अंतरावर आहे, मान्य. पण इथला सप्टेंबर-ऑक्टोबर तू अजून पाहिलेला नाहीस, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते.

सध्या गाव शांत आहे. वस्ती तीस हजारांच्या आसपास आणि एकट्या कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थीच २५,०००वर, त्यामुळे ऑगस्टअखेर पोरं परतली की रस्त्यांचा नूरच पालटतो. त्यानंतरचा पहिला मोठा दिवस म्हणजे पोर्चफेस्ट. सप्टेंबरातला एक रविवार, आमचाच फॉल क्रीक भाग. २००७ साली इथल्या दोन शेजाऱ्यांनी हे सुरू केलं. लोक आपल्या घराचा पोर्च, म्हणजे पुढचा ओटा, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना देतात. एका घरासमोर बँजो, चार घरं पलीकडे जॅझ, कोपऱ्यावर शाळकरी पोरांचा रॉक बँड. तिकीट नाही, मांडव नाही. आपण पेठांमधून गणपती बघत हिंडायचो ना, तसं हातात नकाशा घेऊन हिंडायचं. सुरुवातीला वीसेक गट होते, आता शंभराच्या वर असतात, आणि अमेरिका-कॅनडातल्या कितीतरी गावांनी ही कल्पना उचलली आहे. मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? दुपारी ज्याचं व्हायोलिन ऐकलं, तोच माणूस दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात रांगेत आपल्या पुढे उभा असतो. मग त्याच्याशी बोलावंसं वाटतं, आणि बोलणं होतंही.

आता खरं सांगायचं ते सांगतो. माझ्या घरालाही पोर्च आहे. लाकडी, ऐसपैस, चार पायऱ्यांचा. तिथे तू बसावंस आणि पेटी वाजवावीस, असं मला फार वाटतं. बाबा गेल्यापासून तू पेटीला हात लावलेला नाहीस, हे वहिनींनी फोनवर सांगितलं. आग्रह करायला मी कचरलो इतके महिने, पण इथे परीक्षा घ्यायला कोणी येत नाही रे. लोक गवतावर बसतात, ऐकतात, टाळ्या वाजवतात, पुढच्या घराकडे जातात. विद्यापीठातला एक मुलगा तबला छान वाजवतो, तो आनंदाने साथ करील.

पोर्चफेस्टला अगदीच जमलं नाही तर पुढेही काही ना काही असतंच. सफरचंदांची जत्रा कॉमन्सवर भरते, म्हणजे गावातल्या गाड्या बंद असलेल्या मुख्य रस्त्यावर. एम्पायर, जोनागोल्ड ही सफरचंदं मुळात कॉर्नेलच्याच, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावच्या संशोधन केंद्रात तयार झालेली. इथे ती ताजी, करकरीत मिळतात. सायडरमधले, म्हणजे सफरचंदाच्या रसातले, गरम डोनट मुलीला नक्की आवडतील. शनिवार-रविवारी तळ्याच्या काठी शेतकरी बाजार असतो, तीस मैलांच्या आतल्यांनीच स्वतः पिकवलेलं, बनवलेलं विकायचं असा त्यांचा नियम आहे.

वहिनींना मात्र ऑक्टोबरातच आण. तेव्हा सार्वजनिक ग्रंथालयाच्या मित्रमंडळाची जुन्या पुस्तकांची विक्री असते. एस्टी स्ट्रीटवरची अख्खी वखार पुस्तकांनी भरलेली, भाव दररोज उतरत जातात, आणि तरीही पहिल्याच सकाळी दारात लांब रांग असते, कारण चांगलं पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. पुस्तकं लावणारे, निवडणारे सगळे स्वयंसेवक, मिळकत ग्रंथालयाला. मी त्या कामाला जातो. शिवाय मॅपल तोवर लालभडक झालेले असतात. टॉघॅनॉकचा धबधबा २१५ फुटांचा आहे, नायगाऱ्याहून उंच, आणि तळापर्यंतची वाट सपाट आहे, तेव्हा तुझ्या गुडघ्याची सबब चालणार नाही. कॉर्नेलच्या मनोऱ्यावर १६१ पायऱ्या चढून २१ घंटा वाजवणारे विद्यार्थी बघायचे, तो बेत वहिनींसाठी आणि मुलीसाठी राखून ठेवू.

पण आधी पोर्चफेस्टचं बघ. नाव आगाऊ द्यावं लागतं, म्हणून या आठवड्यात कळव. किती वेळ वाजवणार आणि पट्टी कोणती, एवढंच लिही, म्हणजे तबलजीला सांगता येईल. पेटी गाडीत मागे नको, आतच ठेव. शुक्रवारी रात्रीच निघालात तर चार तासांत पोचाल. पिठलं-भात तयार ठेवतो.

वहिनींना नमस्कार, चिमुरडीला गोड पापा.

तुझाच