व्हिसासाठी ७१ वर्षांच्या सासूबाईंना एकटं आत पाठवावं लागलं

संपादक महोदय, स. न. वि. वि.

माझी नणंद युरोपात असते, तिच्या बाळाच्या बारशाला आम्ही घरचे पाचजण जाणार होतो, मी, मिस्टर, सासूबाई, १३ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा. आपल्याला वाटतं एकाच घरातले आहोत तर शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो व्हिसा) फाईल पण एकच होईल, पण तसं नसतं. फॉर्म प्रत्येकाचा वेगळा, ३० हजार युरोचा इन्शुरन्स प्रत्येकाला, फी मोठ्यांना ९० युरो आणि १२ वर्षं पूर्ण झाली की मुलांनाही तेवढीच, सहाच्या आतल्यांना माफ, आणि निर्णयही प्रत्येकाचा वेगळा लागतो. नियम आहेत, मान्य आहे. आमचं सगळं बिघडलं ते अपॉइंटमेंटमुळे.

नाशिकहून मुंबईच्या व्हिसा केंद्रात जायचं म्हणून एकाच दिवशी पाच स्लॉट हवे होते, मिळाले चारच. सासूबाईंचा नंबर सहा दिवसांनी लागला. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी गेटवर सांगितलं सोबत कोणी चालणार नाही, मग मिस्टर बाहेर फुटपाथवर आणि त्या फाईल छातीशी धरून एकट्या आत. आयुष्यभर खुरपणी केली, भांडी घासली, बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात, त्यामुळे ठसे उमटेचनात. पदराला हात पुसून परत काचेवर ठेवायचा, परत लाल दिवा, असं सात-आठ वेळा झालं म्हणाल्या. बाहेर आल्या तेव्हा पदराचं टोक ओलंचिंब होतं आणि घरी पोचेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

काउंटरवर खर्च कोण करणार विचारलं, त्यांनी मुलगा सांगितलं, पण मिस्टरांचा जन्मदाखला, बँक स्टेटमेंट, नात्याचे सगळे पुरावे आमच्या चौघांच्या फाईलीत आधीच गेलेले. त्यात पासपोर्टवर नावापुढे 'बाई' आणि बँकेत नुसतं नाव, आपल्याकडे जुन्या बायकांच्या कागदांवर हे घरोघरी आहे. आमचे चार व्हिसा १२ दिवसांत आले, त्यांच्याकडे जादा कागद मागितले, ॲफिडेव्हिट करून दिलं आणि महिना गेला. नातवाचं बारसं त्यांनी मोबाईलवर बघितलं, आणलेलं सोन्याचं वळं डबीतच राहिलं. त्यांना सोडून आम्ही गेलो नाही, तिकिटं बदलली, त्याचा भुर्दंड वेगळा.

एका कुटुंबाला एकाच दिवशी वेळ द्या, तेवढे स्लॉट नसतील तर पुढच्या तारखेला सगळे एकत्र द्या पण असं तोडू नका. ज्येष्ठांसोबत घरचं एक माणूस काउंटरपर्यंत सोडा. आणि महाराष्ट्रातल्या केंद्रात कागदांची यादी मराठीत लावायला काय अडचण आहे? आपल्या खासदारांनी हा विषय परराष्ट्र मंत्रालयाकडे न्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जे आता अर्ज करणार आहेत त्यांनी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो हे धरून चाला, घरातल्या मोठ्यांची नावं पासपोर्ट, आधार, बँक सगळीकडे एकसारखी आहेत का ते आधी बघा, आणि नात्याच्या पुराव्यांचा पूर्ण सेट प्रत्येकाच्या फाईलीत वेगळा लावा, एकत्र जाणार असलात तरी.

आपली,
एक वाचक, नाशिक