आधी यादी, मग आलेख

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू म्हणालास, "ट्रेसची फाईल आहे तशी पाठवून दे, मी इकडे पाहतो." संगणकात कोणता प्रोग्रॅम केव्हा सुरू झाला, केव्हा संपला, याची नोंद असलेली ती फाईल मी पाठवत नाही. काहून, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या सेवा केंद्राची जुलैतली गर्दी तुला माहीत आहे. पीकविम्याच्या अर्जासाठी लोक सातबारा, आठ-अ, पासबुक घेऊन सकाळपासून ओट्यावर बसून असतात. नेमकं कागद अपलोड करताना संगणक अडायचा. माउस हलायचा, बाकी सगळं ठप्प. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने वरवर पाहून सांगितलं, मशीन बदला. टास्क मॅनेजर उघडलं तर डिस्क शंभर टक्के, पण कोणामुळे ते कळेना. वरची नावं वाचून होईस्तोवर बदलायची.

इथंच खरी गोम आहे. टास्क मॅनेजर आत्ता कोण हजर आहे तेवढंच दाखवतो. अर्ध्या सेकंदात येऊन गेलेला त्याच्या हाती लागत नाही. ट्रेस म्हणजे जिनिंगच्या फाटकावरची वही: कोणती गाडी किती वाजता आत आली, किती वाजता बाहेर गेली, सगळं लिहिलेलं. विंडोजमध्ये ही नोंद ठेवायची सोय विंडोज २००० पासून आहे, आणि विंडोज १० मध्ये ती चालू-बंद करायला डब्ल्यूपीआर नावाची कमांड आधीपासूनच असते. फक्त मशीन अडलं की लगेच नोंद थांबवायची. फाईलवर लिहायला वेगळं सांगितलं नाही तर ती मेमरीतच फिरत राहते आणि जुनं पुसत नवं लिहिते. चहा पिऊन येशील तोवर हवा तो क्षण पुसला गेलेला असतो.

नोंद हाती आली की लोक थेट आलेख उघडतात. माझं मत पक्कं झालं आहे: आधी यादी. एक्सपर्फला, म्हणजे ट्रेस वाचणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या कमांडला, ट्रेसची फाईल देऊन 'प्रोसेस' (चालू झालेले प्रोग्रॅम) एवढंच मागितलं की साधी मजकुराची यादी मिळते. त्यात सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, नाव, क्रमांक, कोणी सुरू केलं त्याचा क्रमांक, आणि शेवटी पूर्ण कमांड लाईन, म्हणजे तो प्रोग्रॅम सुरू करताना दिलेला अख्खा हुकूम. नोंद सुरू होण्याआधीपासून चालू असलेलेही यादीत येतात, कारण विंडोज त्यांची हजेरी वेगळी घेतं. ते बाजूला ठेवायचे, आणि मधेच जन्मून मधेच संपलेले तेवढे पाहायचे.

आमच्या यादीत एकच नाव ओळीने खाली उतरत होतं. दर वेळी क्रमांक नवा, आयुष्य सेकंदाच्या आत, आणि बोलावणारा मात्र एकच: स्कॅनरसोबत आलेला मदतनीस प्रोग्रॅम. नवीन आवृत्ती आहे का ते पाहायला तो एक छोटा प्रोग्रॅम सोडायचा. नेट नसलं की तो मरायचा, मदतनीस पुन्हा सोडायचा. प्रत्येक जन्माला अँटीव्हायरस तपासणी करणार आणि आमची जुनी फिरती डिस्क दमणार. मदतनिसाला स्टार्टअपमधून काढला. स्कॅनिंग तसंच चालू आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना "थांबा बावा, मशीन अडली" म्हणायची पाळी आता येत नाही. मला त्याचा लय आनंद आहे.

बोलावणाऱ्याचा क्रमांक पाहताना एक जपायचं. विंडोज जुने क्रमांक पुन्हा वापरतं. बाप, म्हणजे बोलावणारा, आधीच संपला असेल तर तोच क्रमांक भलत्याचाच निघतो, म्हणून वेळाही जुळवून पाहायच्या. आणि एकसारख्या नावांना घाबरायचं नाही. एसव्हीसीहोस्ट, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम, डझनांनी दिसतो. २०१७ च्या आवृत्तीपासून पुरेशी रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सेवांना आपापला वेगळा प्रोसेस मिळतो. त्यातला कोणता कशाचा, ते कमांड लाईनच सांगते. क्रोमचंही तेच.

आता फाईल न पाठवण्याचं कारण. तीच कमांड लाईन. पीडीएफ उघडली की फाईलचं पूर्ण नाव तिथे उमटतं, आणि आमच्याकडे फाईलींना नावं कशी देतात? शेतकऱ्याचं नाव, पुढे 'आधार' किंवा 'पासबुक'. यादी वाचताना अख्खं गाव माझ्यासमोर आलं. कोणाचं कर्जाचं प्रकरण आहे, हेसुद्धा नावावरून कळत होतं. त्या लोकांनी कागद माझ्या भरवशावर दिले आहेत. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण तो त्यांनी ठेवलेला नाही. म्हणून शेवटचा रकाना काढून उरलेली यादी सोबत जोडली आहे. तुला पाहायचं ते त्यात सगळं आहे. वेळा पाहा, मदतनिसाचा क्रमांक पाहा, आणि माझं काही सुटलं असेल तर कळव.

पोळ्याला येशीलच. येताना विंडोज परफॉर्मन्स टूलकिट पेनड्राइव्हवर घेऊन ये. इथल्या नेटवर ते उतरता उतरत नाही, आणि शेजारच्या गावातल्या केंद्रावरचं मशीनही असंच अडतं म्हणतात.

तुझा,
गावाकडचा मित्र