फौजी काकांबद्दल रविवारी काय बोलू?

प्रिय गण्या,

फौजी काका गेले हे ग्रुपवर वाचलंच असशील, तुझे जोडलेले हात दिसले. दफनविधी नीट झाला. माजी सैनिकवाले मेडल लावून आलते, आणि पाळकसाहेबांनी पार नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तिथून सुरुवात केली, काकांपर्यंत येईस्तोवर ऊन डोक्यावर आलं. माझी शुगर ठीक, आईचा गुडघा तसाच. ते सोड.

रविवारी भक्तीनंतर स्मरणसभाय आणि काकूंनी मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. इथपर्यंत ठीक होतं. पण काकांच्या विन्यानं गेटवर लावायला फ्लेक्स केलाय, हा एवढा मोठा, त्यावर काका रायफल घेऊन उभे आणि खाली "१९७१ च्या युद्धातील शूर योद्धा सुभेदार". सुभेदार! ज्या माणसानं आयुष्यभर येणाऱ्या जाणाऱ्याला "हवालदार, सुभेदार नाही" म्हणून टोकलं त्यालाच मेल्यावर प्रमोशन. आणि तो फोटो ट्रेनिंग सेंटरचा आहे रे, घरी पाठवायला सगळेच रंगरूट काढायचे तसला.

आपल्याला तर माहितीय, काका एएससीचे, म्हणजे सैन्याला रसद पोचवणाऱ्या दलाचे, ड्रायव्हर. एकाहत्तरला पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला शक्तिमान ट्रक चालवत होते, एका रात्री मागं आटा-डाळ, दुसऱ्या रात्री तोफेचे गोळे, लाईट पूर्ण बंद, पुढच्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवरचा पांढरा गोळा बघत बघत चालवायचं. "आम्ही गोळी झाडायला नव्हतो, पोचवायला होतो" असं म्हणायचे, आणि तू लगेच "म्हणजे तुम्ही डिलिव्हरी बॉय" म्हणला होतास, ते किती हसले होते. त्यांचं पश्चिमी स्टार मेडल बिस्किटाच्या डब्यात असायचं, सुई-दोऱ्याबरोबर. आता विन्यानं ते फ्रेम करून घेतलंय. वाईट काहीच नाही त्यात, पोरगं रात्र रात्र दवाखान्यात बसलंय बापाजवळ, त्याला काय बोलणार.

पण लफडं पुढंय. फॅमिली पेन्शनसाठी आम्ही दोघं कागदं लावत होतो. डिस्चार्ज बुकात जिल्हा औरंगाबाद, आधारवर जालना, त्यावर अर्धा तास गेला, कारण १९८१ च्या आधी जालना जिल्हाच नव्हता हे विन्याला पटेचना. आणि मग त्यानं कॅरेक्टरच्या रकान्यावर बोट ठेवलं. "बाकीच्यांच्या बुकात एक्झेम्प्लरी असतं, पप्पांचं व्हेरी गुडच कामून?" मी म्हणलं, काकू चहा टाका.

तुला मनमाड आठवतंय ना. बारावीचा निकाल लागल्यावर आपण पळालो, आणि प्लॅटफॉर्मवर तू रडत होतास (मी नाही, तूच, यावर वीस वर्षं भांडण झालंय, आता मान्य कर). काका शोधत आले, शिव्या नाहीत काही नाही, भजे घेऊन दिले आणि सांगितलं की माझ्या पण सैन्यातल्या शीटवर लाल शाईची एन्ट्री आहे, म्हणजे शिक्षेची नोंद. लढाई संपल्यावर दुष्काळात सुट्टीवर आलते, त्र्याहत्तर साल. गावात पाऊल ठेवलं तर आई आणि बहीण रोजगाराच्या कामावर खडी फोडतायत आणि घरात ती रेशनची तांबडी मिलो ज्वारी. "शकरगडला एवढा घाबरलो नव्हतो" हे त्यांचं वाक्य. मग भावाला घेऊन शेतातली विहीर खोदायला लागले, रोज वाटायचं आता अजून चार हात, अजून चार हात, आणि सुट्टी संपून अठरा दिवस वर झाले. युनिटला गेल्या गेल्या अठ्ठावीस दिवस क्वार्टर गार्डात, म्हणजे युनिटच्या कोठडीत. "पाणी लागलं नाही, शिक्षा मात्र लागली" म्हणले आणि आपण दोघं येड्यासारखे हसलो, नापास झालेली तोंडं घेऊन.

आता मला सांग हे सभेत सांगावं का. मला वाटतं हेच सांगावं. रायफलवाला माणूस मला ओळखूच येत नाही, हा येतो. चर्चचा डीकन म्हणून पण हाच होता की. कुणाच्या घरी दुखणं आलं की पाळकाच्या आधी ह्यांची स्कूटर दारात. २०१३ ला शहरात प्यायला पाणी नव्हतं तेव्हा टँकरवर ड्रायव्हरशेजारी बसून गल्लीगल्लीत फिरले, चर्चचं घर कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं असलं काही नाही. अर्पणाचे पैसे दोन माणसं समोर बसवून मोजायचे आणि चर्चच्या कपाटात लाल पेन ठेवू द्यायचे नाहीत. नवीन खजिनदाराला वाटायचं सैन्याची शिस्त असेल. आपल्या दोघांना तेवढं कारण माहीत. कापणीच्या सणाच्या लिलावात तू ती कोंबडी माझ्या नावावर बोललास तेव्हा सुद्धा त्यांनी निळ्या पेननी माझीच उधारी लिहिली, आणि ते पैसे तू अजून दिलेले नाहीस.

त्यांनी "कुणाला सांगू नका" असं काही म्हणलं नव्हतं. आपणच सांगितलं नाही. काकूंना माहितीय का कळत नाही, लग्न नंतरचं आहे. मी फ्लेक्सवर निदान हवालदार तरी कर म्हणलं तर विन्या म्हणतो, "गेल्यावर पण बापाला खालीच आणायचं का?" त्याच्यापुढं मी अठ्ठावीस दिवसांची कैद कशी काढू? माझा जीव म्हणतो आधी विन्यालाच गच्चीवर घेऊन सगळं सांगावं, सभेचं त्याच्यावर सोडावं. पण एकट्यानं सांगितलं तर त्याला वाटेल मी रचून सांगतोय. तू बरोबर पाहिजेस.

तुझी बदली झाली का? वहिनींच्या ऑपरेशनचं कळव, पिंटूला म्हणावं सीईटी दोनदा देता येते, घाबरू नको. शनिवारी दुपारी निघालास तर समृद्धीनं नागपूरहून रात्रीपर्यंत पोचशील, झोपायला आमच्याकडंच ये, लॉजचे नखरे नकोत. आणि येणार नसशील तर उद्याच सांग, म्हणजे मी काकूंना दुसरा कुणीतरी बोलायला बघा म्हणतो.

तुझा,
संज्या