तुझी पेटी भंगारात गेली नाही

सोलापूर,
७ डिसेंबर

प्रिय बंड्या,

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. फोनवर तू मध्येच हसतोस आणि माझं बोलणं अर्धं राहतं.

पाडव्याला तू विचारलंस, "झालं का घर रिकामं? भंगाराचे किती आले?" मी म्हटलं, "तीन हजार दोनशे. सगळं गेलं." तीन हजार दोनशे खरे, सगळं गेलं हे खोटं. तुझ्या बाबांची पत्र्याची पेटी, मागावर आडवा धागा नेणारे सहा धोटे, पिशवीभर सुताच्या लाकडी कांड्या आणि नक्षी विणायच्या जेकार्डच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा हे सगळं माझ्या गच्चीवरच्या खोलीत आहे. चार महिने आहे. आता रागव.

झालं असं. भंगारवाला साखर पेठेत हातगाडी घेऊन आला, तेव्हा तुझं घर खरंच भंगार वाटत होतं. गंजलेली कॉट, दोन पाय गेलेलं जाळीचं कपाट, फुटक्या बादल्या, मोरीतलं पिंप. तो भराभर तागडीत घालत होता, मी आकडे लिहीत होतो. मग त्यानं पेटी बाहेर ओढली. अकरा किलो भरली. गाडीवर जागा कमी, म्हणून चेपायला त्यानं पाय उचलला. झाकणावर पांढऱ्या रंगात तुझ्या बाबांचं नाव, खाली "सोलापूर", आणि शेवटच्या "र"चा पाय रंगाऱ्यानं पार कोपऱ्यापर्यंत ओढलेला. मी ओरडलो, "ए, थांब बे!" तो दचकला. "घ्यायची नव्हती तर काढलाव कशाला, काका?" म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

तुला वाटेल, म्हातारपणी हळवा झालाय. तसं नाही. मागच्या वर्षी मी आमच्या आईची ट्रंक बिघडवली, ते तुला कधी बोललो नाही. निवृत्तीनंतर हा नाद लागला ना, जुन्या बाजारातून डबे, पेट्या, गल्लेपेट्या आणायच्या आणि त्यातून घरात सामान ठेवायला काहीतरी देखणं करायचं, तेव्हा पहिली हाताला लागली ती घरातलीच. हिरवी होती, त्यावर कमळं. रंगाचे पोपडे निघालेले. मी उत्साहात ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि तासाभरात नागडा पत्रा करून ठेवला. मग आकाशी रंग दिला, वर स्टेन्सिलनं मोर. दिसायला झकास. दिवाळीला धाकटी बहीण आली, म्हणाली, "दादा, नवी घेतलीस होय? आईची कुठाय?" मी मोराकडे बघत बसलो.

त्या ब्रशाची आणखी एक गोष्ट मागाहून कळली, तीही तुला सांगतो, कारण तुझ्याकडे नातू रांगतोय. जुन्या तेलरंगात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत नव्वद भाग, झाली ती २०१७च्या नोव्हेंबरपासून. म्हणजे आपल्या आयांच्या पेट्यांवरचा रंग कसा असेल ते समज. तो कोरडा घासला की पीठ उडतं, नाकात जातं, फरशीवर बसतं, आणि रांगतं पोर तेच बोट तोंडात घालतं. आता मी पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर वापरतो, खाली जुना पेपर अंथरतो, तोंडाला मास्क, आणि तो चिखल फडक्यानं पुसून फडक्यासकट टाकून देतो. झाडू मारायचा नाही. नात आली असेल तेव्हा पेटीला हातच लावत नाही.

तर तुझी पेटी. वरून ठीक होती, तळ खाल्लेला. मोरीच्या भिंतीला लागून वर्षानुवर्षं होती ना, ओल चढलेली. तळाला बोट जाईल एवढी दोन भोकं. आत काय सापडलं विचारशील तर गुप्तधन नाही. डांबराच्या गोळ्यांची अर्धी पुडी, एक रेशनकार्ड, मफलर. पण वास! गोळ्यांचा वास पत्र्यात असा मुरलाय की आठ दिवस गच्चीवर उघडी ठेवली, सोडा फासला, कोळसे ठेवले, तेव्हा कुठं कमी झाला. पूर्ण गेला नाही. जाणारही नाही बहुतेक.

गंज काढताना मात्र मजा आली. कडी, कोयंडा, बिजागऱ्या काढून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवल्या. सकाळी काळं पाणी आणि खाली चकचकीत लोखंड. लगेच सोड्याच्या पाण्यात खळबळून, पुसून, उन्हात. इथं आळस केला की तासाभरात पुन्हा तांबूस पडतं. पहिल्या वेळी मी चहा प्यायला गेलो आणि परत येऊन बघतो तर पहिले पाढे पंचावन्न. भोकांवर आतून पत्र्याचे तुकडे रिबेट मारून बसवले. तळाला आणि आतल्या बाजूला रेड ऑक्साइडचे दोन हात. बाहेर जिथं रंग धडधाकट होता तिथं काही केलं नाही. ओल्या फडक्यानं पुसलं, वाळवलं आणि नावासकट सगळ्यावर पारदर्शक लॅकर मारला. "र"चा पाय जिथं तुटलाय तिथं तो तुटलेलाच आहे. शेजारचे अण्णा म्हणाले, मी ब्रशनं जोडून देतो. मी नको म्हटलं. त्यांचं अक्षर चांगलं आहे, पण ते त्यांचं अक्षर आहे.

आतल्या अस्तरात दोनदा फसलो. अस्तराला तुझ्याच घरातली चादर घेतली, लाल-काळी, मोठ्या फुलाची, कडेला विरलेली. आपल्या चादरीची गंमत तुला माहीत आहे, एका बाजूला लाल जमिनीवर काळं फूल, उलटली की काळ्या जमिनीवर लाल. दोन्ही बाजू सुलट. त्यामुळे कुठली बाजू वर घ्यायची यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा. शेवटी तळाला लाल, झाकणाला काळी. चिकटवायला पांढरा फेविकॉल फासला, तो लाकडाचा सोबती, पत्र्याला कुठला धरतोय? आठवड्यात झाकणाची चादर पोटासारखी लोंबली. ती काढून पत्रा पुन्हा घासला आणि चपलेला लावतात ते रबराचं सोल्युशन दोन्ही अंगांना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मग दाबली. दुसऱ्यांदा फसलो ते घाईनं: चादर न धुता लावली होती. ती धुऊन आटवून घ्यायला हवी. जाड सूत, पहिल्या पाण्यात चांगलीच आखडते. तिसऱ्यांदा जमलं.

बायको म्हणाली, "तीनशे रुपयांच्या पेटीवर बाराशेचा माल लावलात." हिशेब तिचा चुकत नाही.

आता धोटे. हे तू ओळखणार नाहीस असं वाटतं, कारण तू लहानपणी त्यांच्या बोटी करून मोरीत सोडायचास आणि मार खायचास. लाकूड असं घट्ट की खिळा जाता जात नाही, आणि वर्षानुवर्षं मागावर तेल पिऊन काळं झालेलं. त्यावर रंग धरत नाही. रॉकेलच्या फडक्यानं पुसत राहायचं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. चार फडकी गेली. खाली लाकूड निघालं ते गुळाच्या ढेपेसारखं. रंग देण्याचा विचारच सोडला, नुसतं जवसाचं तेल चोळलं. टोकांना लोखंडी टोप्या आहेत, त्या अणकुचीदार. कानस मारून बोथट केल्या. मधली पोकळी, जिथं कांडी बसायची, तिथं आता दोघांत पेनं, एकात उदबत्त्या आणि एकात माझा चष्मा. फळीवर ओळीनं मांडलेत. दोन तुझे, वेगळे बांधून ठेवलेत. कांड्यांच्या मुठी केल्या, एकेक ड्रॉवरला एकेक. ड्रॉवर कसले विचारू नकोस, मोडक्या शिलाई मशीनचे आहेत, दीडशे रुपयांना चार मिळाले.

तेलाच्या चौकोनी डब्यांवर वेळ घालवू नकोस असं माझं मत आहे. सगळे तेच करतात, सुतळी गुंडाळतात. कापलेली कड आत मुडपून हातोडीनं बसवली नाही तर रक्त काढते, आणि धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यानं दोनदा धुतला तरी तेलकटपणा हाताला लागतोच. मी दोन केले, एकात बायको कांदे ठेवते. संपला विषय.

पट्ट्यांवर मात्र मी अडकलोय, आणि खरं तर पत्र त्यासाठीच.

ह्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, भोकं पाडलेल्या, कडेनं दोरीनं एकीला एक ओवलेल्या. मला आठवतं, तुझे बाबा कारखान्यातून आल्यावर ओट्यावर बसून तुटलेली दोरी ओवायचे, आणि एकदा त्यांनी आपल्या दोघांना समजावलं होतं: भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताणा, म्हणजे उभा धागा, उचलला जातो, भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते आणि ताणा खालीच राहतो. एक पट्टी म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेक. पट्टी सरकली, धोटा गेला, दुसरी पट्टी. असं करत करत फूल उमटतं. तू तेव्हा विचारलं होतंस, "मग एक पट्टी उलटी लावली तर?" आणि ते म्हणाले, "तर फुलाला शिंग येतंय." आपण किती हसलो होतो. तुला आठवतंय का माहीत नाही.

आता पुष्कळ ठिकाणी कॉम्प्युटरवरचे जेकार्ड आलेत, पट्ट्यांना कोण विचारतो? भंगारवाल्यानं त्या रद्दीत धरल्या होत्या. मी त्यातल्या पंचवीस-तीस वापरायच्या ठरवल्या. पेटीच्या आत कप्पे करायला पुठ्ठा हवाच होता, आणि हा पुठ्ठा असा की वाकत नाही. दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून एक कप्पा. भोकांतून खालची लाल चादर दिसते, बघतच राहावं असं. चार कप्पे केले आणि थांबलो. उरलेला गठ्ठा अजून ओवलेला आहे, क्रमानं. नीट मोजला नाही, पण कमरेएवढा ढीग होतो. वापरायचा तर दोरी कापावी लागेल. कापली की ते फूल गेलं. कुणी पुन्हा मागावर चढवणार आहे असं नाही, हे मलाही कळतं. पूर्व भागात एक जुने कारागीर आहेत, त्यांना दाखवला. त्यांनी चार-पाच पट्ट्या उजेडाला धरल्या, भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्ये मोर हाय." कसं कळलं ते काही सांगितलं नाही.

मोर! आईच्या ट्रंकेवर मी काय काढून ठेवलाय ते तुला वर लिहिलंच आहे. बायको तेव्हापासून मला बघून हसते.

तर दोरी कापू की नको, हे तू सांग. माल तुझा आहे. कापायची असेल तर तुझ्या हॉलसाठी पत्रं आणि बिलं ठेवायची एक भिंतीवरची चौकट होईल, मागं दिवा लावला तर भोकांतून सुंदर उजेड पडेल. नसेल कापायची तर गठ्ठा तसाच पेटीत घालतो, पण मग पेटीत दुसरं काही मावणार नाही, आणि सामान ठेवायची वस्तू केली म्हणायला मला तोंड राहणार नाही.

नातवाच्या खेळण्यांसाठी पेटी वापरणार असशील तर ऐक. कडी मी मुद्दाम काढून पुरचुंडीत बांधलीय, बसवू नकोस. पोरं आत बसतात आणि झाकण पडतं. मागच्या बाजूला हवेसाठी सहा भोकं पाडलीत, आणि झाकण बोटांवर आपटू नये म्हणून आधाराची पट्टी लावलीय. लॅकर अजून थोडा वास मारतोय, महिनाभर उघडी राहू दे.

तुम्ही गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, येताय ना? नंदीध्वजांची मिरवणूक बघून किती वर्षं झाली तुला, वहिनींनी तर होम मैदानावरचं शोभेचं दारूकामही पाहिलं नाही म्हणतात. परत जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये पेटी चढवायचं बघू. दोघं धरू, आपण काही अगदीच गेलेलो नाही. नाहीतर चादरींचा टेम्पो पुण्याला जातो, एकाशी बोलून ठेवलंय.

जागेची उंची मोजून कळव. बसायला म्हणून हवी असेल तर साडेचार इंचांचे पाय लावतो, कॉटखाली सरकवायची असेल तर चाकं. दोन्ही आणून ठेवलेत. आणि अकरा किलोचे भंगाराच्या भावानं तीनशे तीस रुपये मी तुला देणं लागतो, ते शेंगा चटणीत वळते करतो. कडक भाकऱ्या वेगळ्या, त्यांचा हिशेब नाही.

वहिनींना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझाच,
पक्या

ता. क. रेशनकार्ड मी फेकलेलं नाही. पेटीत डावीकडच्या कप्प्यात आहे, मफलरखाली.