एका सहीची धास्ती

महोदय,

आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या ताईंनी गेल्या महिन्यात एक कागद पुढे केला. 'घरेलू कामगार' म्हणून नोंदणी करायची होती. त्या आमच्याकडे काम करतात, एवढंच लिहून खाली सही हवी होती. अकरा वर्षं त्या येताहेत, घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. तरी मी म्हणाले, "ठेवा, ह्यांना विचारून देते." खोटं कशाला बोलू, उद्या पीएफ-ग्रॅच्युइटीचं झेंगट मागे लागेल, असं माझ्याही मनात आलं. त्यांच्या पाच कामांपैकी तीन घरांनी तर आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय काढला, तर उत्तर आलं, 'कोणीही सही करू नये, पुढे त्रास होतो.'

कसला त्रास? पीएफचा कायदा साधारणपणे वीस माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला लागतो, ग्रॅच्युइटीचा दहा. आमच्या दोन खोल्यांत कामाला बाई एक, तीही दीड तास.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. त्यातून मिळतं ते थोडंच : बाळंतपणाला मदत, मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी काही रक्कम, वयाची 55 वर्षं पूर्ण केल्यावर एकदाच 10,000 रुपये सन्मानधन. पण तेही ज्यांची नोंदणी चालू आहे त्यांनाच. 2021 च्या टाळेबंदीत सरकारने घरेलू कामगारांना 1,500 रुपये दिले, ते नोंदणी असलेल्यांना. आमच्या ताईंची नोंदणी नव्हती. पहिल्या टाळेबंदीत आम्ही त्यांना गेटच्या आत येऊ दिलं नव्हतं आणि दोन घरांनी त्या महिन्यांचा खाडा धरून पगार कापला होता, हे मला नंतर कळलं. त्या आता 54 वर्षांच्या आहेत.

गंमत म्हणजे आमच्या सोसायटीला त्यांचा फोटो लागतो, आधारकार्डाची प्रत लागते, पोलिस पडताळणी लागते. त्या किती वाजता आत आल्या, कुठल्या फ्लॅटला गेल्या, किती वाजता बाहेर पडल्या, सगळं गेटवरच्या ॲपमध्ये नोंदलेलं असतं. म्हणजे त्या कामगार आहेत याचा रोजचा पुरावा आमच्याच दारात आहे. तो फक्त आमच्या कामाला येतो.

याच पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट कशी असावी, याचा विचार करायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितलं. तो कायदा येईल तेव्हा येईल. पण आहे त्या कायद्याचं दार मालकाच्या सहीने उघडायचं, ही अट कोणाच्या सोयीची? असंघटित कामगारांसाठी असलेल्या केंद्राच्या ई-श्रम नोंदणीला अशी सही लागत नाही, स्वतःची माहिती स्वतः दिली की झालं. राज्याच्या कामगार विभागाने इथेही स्वयंघोषणा चालवून घ्यावी. पुरावाच हवा असेल, तर सोसायटीच्या गेटवरची नोंद ग्राह्य धरावी आणि बाईने मागितल्यावर ती देणं सोसायटीला बंधनकारक करावं.

मी सही दुसऱ्या दिवशी केली. ताईंनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "समोरच्या वहिनींना तुम्ही एकदा सांगाल का?" अजून सांगितलेलं नाही.

— एक वाचक, कोथरूड, पुणे